टेकडीवर ऑक्सिजन जास्त नसतो

पुण्यात सकाळी वेताळ टेकडीवर गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘इथं कसा भरपूर ऑक्सिजन मिळतो!’ टेकडीवर बरं वाटतं हे खरंच आहे, पण त्याचं श्रेय ऑक्सिजनला देण्यात अर्थ नाही. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. टेकडीवर तेवढाच आणि खाली डेक्कनच्या चौकातही तेवढाच. टेकडीवर कमी असतो तो धूर, धूळ आणि हॉर्न. चालण्याचा व्यायाम होतो, तो वेगळाच.

खरी गोष्ट लक्षाची आहे. रस्त्यावर चालताना खड्डा, सिग्नल, उलट्या बाजूनं घुसणारी दुचाकी अशा सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. हे मुद्दाम लावलेलं लक्ष दमतं. खडकावर ऊन खात बसलेला सरडा मात्र आपल्याकडून काहीच मागत नाही. बघितलात तर ठीक, नाही बघितलात तरी ठीक. अशा वेळी दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो, असं रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते तपासून पाहिलं. त्यांनी त्याच माणसांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा वाहत्या रस्त्यावरून चालायला लावलं, मग ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणायला सांगितले. झाडांतल्या फेरीनंतर कामगिरी सुधारली, रस्त्यावरच्या फेरीनंतर तशी सुधारली नाही. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत गेलेल्यांना ती फेरी मुळीच रुचली नव्हती, फायदा मात्र त्यांनाही झाला. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना असंही दिसलं, की 90 मिनिटं निसर्गात चालल्यावर त्याच त्या काळज्या उगाळत बसणं कमी होतं.

‘पण त्यासाठी महाबळेश्वरला जायला हवं, चार दिवस रजा हवी.’ नको. इंग्लंडमध्ये सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान 120 मिनिटं बागेत, रानात किंवा समुद्रकाठी घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन:स्थिती चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगत होते. ते दोन तास एकदम घालवले की तुकड्या-तुकड्यांनी, यानं फरक पडला नाही. अर्थात मुळात धडधाकट माणसं जास्त बाहेर पडतात, हेही त्यात असू शकतं. एकट्या या अभ्यासावरून कारण ठरवता येत नाही. पण पावसाळ्यात रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर रांगेत उभं राहण्यापेक्षा घराजवळच्या बागेतली रोजची वीस मिनिटं केव्हाही बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. जंगल अस्सल असायलाही हवं असं नाही. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळी मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती.

ज्यांना बाहेर पडताच येत नाही त्यांच्यासाठी रॉजर उलरिच यांचा 1984 मधला अभ्यास मोलाचा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना वीटभिंत दिसणाऱ्यांपेक्षा कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण 46च होते, त्यामुळे निष्कर्ष ताणू नये. आजोबांची खाट खिडकीशी सरकवायला मात्र एवढा पुरावा पुरे.

कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, हा समज ‘नासा’च्या 1989 च्या प्रयोगांमुळे पसरला. ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या घरांना दारं-खिडक्या असतात. त्या उघडल्या की कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त काम होतं. तुळस, मोगरा लावा ते डोळ्यांसाठी आणि हातांना माती लागावी म्हणून.

सर्वांत घातक समज मात्र प्रेमापोटी बोलला जातो, ‘डिप्रेशन-बिप्रेशन काही नसतं, जरा मोकळ्या हवेत फिरून ये.’ नैराश्यात अंथरुणातून उठणंही जड जातं. त्या माणसाला फिरायला न गेल्याचा आणखी एक दोष चिकटवून आपण काय साधतो? बागेतली फेरी औषधांच्या आणि समुपदेशनाच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही. फेऱ्या सुरू झाल्या म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांना गाठा, नाहीतर 14416 हा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही ‘टेलि-मानस’ सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथं मराठीत बोलता येतं.