रझाकार, फौज आणि आपलें माप

संस्थानें विलीन झालीं. परंतु त्यांच्या अखेरच्या दिवसांचा हिशेब पुरता लागला आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. आमची राधानगरी कोल्हापूर संस्थानांतली. येथें भोगावतीस बांध घालण्याचें काम राजर्षि शाहू महाराजांनीं हातीं घेतलें आणि त्या पाण्यावर आजहि शेतें पिकतात. मराठवाड्याच्या पांच जिल्ह्यांचें दैव निराळें होतें. ते ज्या हैदराबाद संस्थानांत होते, त्याच्या निजामानें स्वतंत्र भारतांत सामील होण्याचें नाकारलें व २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं केवळ एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. राजाची भिस्त कशावर आहे, यावरून राज्याचें भवितव्य ओळखावें.

निजामाची भिस्त रझाकारांवर होती. इत्तेहाद संघटनेच्या या सशस्त्र स्वयंसेवकांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. प्रजा बहुसंख्य हिंदु असली तरी सत्ता मुसलमानांचीच राहिली पाहिजे, हें त्याचें सूत्र. गांवें लुटणें, घरें जाळणें, माणसें मारणें हा क्रमच होऊन बसला. असंख्य कुटुंबें सरहद्द ओलांडून सोलापूर-नगरकडे आश्रयास आलीं. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगांत होते. आणि हा जुलूम हिंदूंपुरताच होता असेंहि नव्हे. ‘इमरोज’ पत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान यानें सामीलीकरणाचा पक्ष घेतला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्यें त्याचा हैदराबादेंत खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालीं भारताची फौज सोलापूरकडून आंत शिरली. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग हातीं आला. १७ तारखेस निजामानें हत्यार खालीं ठेवलें. मराठवाडा तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि तें योग्यच आहे.

परंतु पुढील प्रकार फारसा कोणी सांगत नाहीं. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सूडाची लाट उसळली, आणि ज्यांनीं कधीं काठीहि उचलली नव्हती, असे मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. तो अहवाल कित्येक वर्षें सरकारी दप्तरांतच पडून होता. जीव धोक्यांत घालून मुसलमान शेजाऱ्यांस वांचविणाऱ्या हिंदूंची नोंदहि त्यांत आहे.

“आधीं त्यांनीं केलें,” असें यावर कोणी म्हणेल. अशा वाचकानें त्याच वर्षाचा फेब्रुवारी महिना आठवावा. गांधीजींच्या खुनानंतर, थोड्या माणसांच्या अपराधासाठीं कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूस ब्राह्मणांचीं घरें पेटलीं. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओहि जळाला. “आमचा काय अपराध?” असें आपल्या वडीलधाऱ्यांनीं तेव्हां विचारलें. सात महिन्यांनीं उस्मानाबादेकडील एखाद्या मुसलमान विधवेनें हेंच विचारलें असेल, तर तिला आपण कोणतें निराळें उत्तर देणार?

सशस्त्र टोळ्यांचा बंदोबस्त करणें हें सरकारचें कर्तव्य. तें कठोरपणें झालें पाहिजे. परंतु अपराध हातांत हत्यार पाहून ठरवावा, नांव ऐकून नव्हे. १९४८ सालच्या गोष्टी घरांत निघतील, तेव्हां मुलांना नळदुर्गाबरोबर हाहि भाग सांगावा, एवढीच आमची विनंति आहे.