टाक्यांवरची गाठ आणि चुकीचे दिलासे

सिझेरियनला दहा वर्षं उलटली, आता कसला हर्निया? सातारा-सांगलीकडे ऊसतोडीला किंवा वैरणीचे भारे वाहायला जाणाऱ्या बाईला टाक्यांवर फुगवटा दिसला, तरी असाच दिलासा मिळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पोट मध्यरेषेत उघडलेल्या शंभरांपैकी साधारण दहा ते वीस जणांना जुन्या टाक्यांच्या जागी हर्निया होतो, आणि तो कित्येक वर्षांनीही डोकावतो.

‘गाठ लहान, म्हणजे धोकाही लहान’ हा समज सर्वांत घातक. पोटाच्या भिंतीतलं भोक अरुंद असलं की त्यात शिरलेलं आतडं आवळलं जातं, त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ते सडू लागतं. एरवी आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. ती चोळून आत ढकलणं तर नकोच. कधी कधी आवळलेलं आतडं हर्नियाच्या पिशवीसकट आत सरकतं. गाठ दिसेनाशी होते, आतलं सडणं चालूच राहतं.

‘शौचाला होतंय, म्हणजे आतडं अडकलेलं नाही’ हेही नेहमी खरं नसतं. आतड्याची फक्त एक कड चिमटीत सापडली, तर मार्ग उघडाच राहतो आणि निदान लांबतं. अठराव्या शतकातल्या जर्मन शल्यविशारदावरून याला रिश्टर हर्निया म्हणतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्रातूनही तो होऊ शकतो. ‘दुर्बिणीनं केलंय, हर्निया होणारच नाही’ हा भरवसाही मग फोल ठरतो.

पट्ट्यानं आधार मिळतो, भोक बुजत नाही. शस्त्रक्रियेत बसवलेली जाळीही अभेद्य नव्हे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दहा वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर 63 टक्के, तर जाळीनंतर 32 टक्के रुग्णांचा हर्निया परतला. तरी जाळीचं पारडं जड आहे, हे उघड आहे.

अगदी क्वचित, वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेल्या मोठ्या हर्नियावरची पातळ झालेली कातडी खोकल्यासरशी फाटते आणि आतडी बाहेर येतात. ती आत कोंबू नयेत. स्वच्छ ओल्या कापडानं झाकावीत, रुग्णाला गुडघे दुमडून झोपवावं, 108 ला फोन करावा. मिरजेत 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला कृष्णा रुग्णालय. वाटेत ‘घोटभर चहा तरी घेऊ दे’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला मात्र आवरावं, कारण भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं.