ओठांवरील फोड आणि एक चिनी वनस्पति

ताप उतरतांना किंवा उन्हांतून हिंडून आल्यावर कित्येकांच्या ओठांच्या कडेस बारीक फोडांचा पुंजका उठतो, हें गृहिणींस सांगावयास नको. कोणी तूप लावितें, कोणी लेप सुचवितें. आणि खपली पडली कीं जो तो आपल्या औषधाचें यश गातो. परंतु हा विकार 'हर्पिस सिंप्लेक्स' या विषाणूपासून होत असून बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआपच बरा होतो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, तसा हा प्रकार. यासच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात.

या विकारासंबंधीं ज्या चिनी वनस्पतींचें संशोधन झालें, त्यांत 'श्याकूत्साओ' ही प्रमुख होय. ऐन उन्हाळ्यांत हिचीं कणसें सुकतात, म्हणून 'ग्रीष्मांत वाळणारें गवत' या अर्थाचें हें नांव पडलें. शास्त्रीय परिभाषेंत ती 'प्रुनेला व्हल्गारिस'. ती तुळशीच्या कुळांतील असून आपल्या हिमालयांतही उगवते. प्राचीन चिनी ग्रंथांत ती मुख्यतः गंडमाळेवर सांगितली आहे. विषाणूवरील उपयोगाची परीक्षा मात्र अलीकडची आहे.

१९९९ साली तिच्यांतील एक शर्करामय द्रव्य प्रयोगशाळेंत या विषाणूस अटकाव करितें, असें आढळलें. २००७ साली हाँगकाँगच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, तिच्यांतील द्रव्य विषाणूस पेशीला चिकटूं व आंत शिरूं देत नाहीं. तिचें मलम लावलेल्या गिनीपिगांच्या त्वचेवरील फोडही कमी झाले. हा पुरावा तुच्छ नव्हे. परंतु गिनीपिगाची पाठ म्हणजे मनुष्याचा ओठ नव्हे.

पुढील पायरी कोणती, तें आपल्या नैयायिकांनींच सांगून ठेविलें आहे: अन्वय आणि व्यतिरेक. औषध आहे तेथें गुण, औषध नाहीं तेथें गुण नाहीं. यासाठीं चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट करावे; एकास खरें मलम, दुसऱ्यास तसेंच दिसणारें निर्गुण मलम द्यावें; आणि कोणास काय दिलें, हें रोगी व वैद्य दोघांसही कळूं देऊं नये. 'असायक्लोव्हिर' मलमाची अशी परीक्षा शेंकडों रोग्यांवर झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लाभ दिसला तो सुमारें अर्ध्या दिवसाचा! इतका सूक्ष्म भेद एका घरच्या अनुभवानें कसा कळावा?

चिनी म्हणून त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. चौथ्या शतकांतील एका चिनी ग्रंथाच्या आधारें तू यूयू या विदुषीनें हिंवतापावरील औषध शोधिलें व २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळविलें. मात्र तें औषध मनुष्यांवरील कसोटीस उतरल्यावरच मान्य झालें.

म्हणून आमची विनंति इतकीच कीं, लेपाच्या भरंवशावर दोन गोष्टी विसरूं नयेत. ओठांवर फोड असतां तान्ह्या बाळाचा मुका घेऊं नये, कारण नवजात अर्भकास हा विषाणू प्राणघातक ठरूं शकतो. आणि फोडांबरोबर डोळा लाल होऊन दुखूं लागल्यास घरगुती उपाय न करितां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. येथें कावळा आणि फांदी यांची वाट पाहणें परवडणार नाहीं.