पाठीतली सुई आणि पोटातला पंप

रत्नागिरीत कॅन्सरच्या रुग्णाच्या घरच्यांना ‘आता औषध पाठीच्या कण्यात द्यावं लागेल’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पाय जाणार का?’ सिझरच्या वेळच्या भुलीबद्दलही हीच धास्ती असते. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई सहसा त्याच्या खाली टोचतात. तिथे कण्यातल्या पाण्यात मज्जातंतूंचे सुटे धागे असतात आणि ते सुईपुढून बहुधा सरकतात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, डोकेदुखी हे धोके खरे, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाच. पण पाय जाणं फार दुर्मिळ.

दुसरी समजूत या औषधाबद्दलची, आणि ती जास्त नुकसान करते: ‘मॉर्फिन दिलं म्हणजे आशा सोडली.’ या समजुतीपायी माणसं रात्र-रात्र कण्हत काढतात, आणि ते बघवत नाही. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूतच अडवता येतो. तिथे थेट पोचलेलं 1 मिलिग्रॅम मॉर्फिन ढोबळमानाने तोंडावाटे घेतलेल्या 300 मिलिग्रॅमचं काम करतं, त्यामुळे गुंगी आणि बद्धकोष्ठ बऱ्याचदा कमी होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णांवरचा हा अनुभव 1979 मध्येच प्रसिद्ध केला. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणंही सोपं झालं आहे.

मात्र बहुतेकांचं दुखणं गोळ्यांनीच आटोक्यात येतं. पाठीत थेट मॉर्फिन पोचवणारा पंप लागतो तो गोळ्या पुरेनाशा झाल्या किंवा सोसेनाशा झाल्या तर, आणि तोही आधी चाचणीचा डोस देऊन.

‘एकदा पंप बसवला की सुटलो’ हे तर मुळीच खरं नाही. पोटाच्या कातडीखाली चकतीएवढा पंप, त्यात 20 किंवा 40 मिलिलिटरची टाकी, तिथून पाठीपर्यंत बारीक नळी. दर एक ते तीन महिन्यांनी कातडीतून सुई घालून टाकी भरावी लागते. बॅटरी पाच-सात वर्षांत संपली की पुन्हा ऑपरेशन. खर्च काही लाखांत; आयुष्य थोडं उरलं असेल तर कातडीखालून नळी काढून बाहेरचा पंप जोडणं स्वस्त पडतं. नळीच्या टोकाशी क्वचित गाठ धरते, म्हणून पायात नवा बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटला तर त्याच दिवशी दाखवायचं.

रत्नागिरीकराने डॉक्टरांना विचारायचं ते हे: टाकी भरायला कोल्हापूरला यायचं की मुंबईला? पावसात कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट बंद पडला तर? मॉर्फिन अचानक थांबलं तर दुखणं उसळतं आणि अंगाला त्रास होतो; स्नायूंच्या ताठरपणासाठी पंपात बॅक्लोफेन असेल तर ते थांबणं जिवावर बेतू शकतं. टाकी रिकामी होत आली की पंप पोटातूनच बीप वाजवतो. तो आवाज दवाखान्यातून निघण्यापूर्वी घरच्यांना ऐकवायला सांगा.