ठासणीची बंदूक आणि शिकारीचा राखीव हंगाम

एखादें शस्त्र जुनें केव्हां म्हणावयाचें, हा प्रश्न आपल्याकडे शस्त्रसंग्रहांच्या याद्या करणारांपुढें येतो व बहुधा तेथेंच मिटतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो कायद्याच्या पोटकलमांत शिरला असून त्याच्या उत्तरावर दरवर्षीं लक्षावधि शिकाऱ्यांचे हक्क अवलंबून असतात. तेथील बहुतेक संस्थानांत हरणांच्या शिकारीचा सामान्य हंगाम असतो. त्याखेरीज कांहीं दिवस केवळ ठासणीच्या बंदुकीनें शिकार करणारांसाठीं राखून ठेवण्याची चाल आहे. या राखीव दिवसांत कोणती बंदूक चालावी, याविषयींचा वाद वरवर शिकाऱ्यांचा दिसतो. त्याच्या मुळाशीं व्याख्येचा प्रश्न आहे, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें तो पाहण्यासारखा आहे.

प्रथम शब्द स्पष्ट करूं. नळीच्या तोंडांतून आधीं दारू, मग गोळी घालून जी गजानें ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक. ही व्याख्या केवळ भरण्याच्या रीतीची झाली. दारूस आग कशी पोंचते, हें तींत येत नाहीं. आणि जुन्या बंदुकींचा खरा भेद तर तेथेंच आहे. तोड्याच्या बंदुकींत जळता तोडा रंजकावर टेकत असे. गारेच्या बंदुकींत घोड्याच्या तोंडांत धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या रंजकाच्या वाटींत पडतात, रंजक पेटतें आणि त्याची ज्वाळा नळीच्या कानांतून आंत जाऊन मुख्य दारू पेटविते. चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत किंचित् विलंब लागतो. तेवढा वेळ डोळ्यांपुढें रंजकाचा भडका होत असतांही नेम ढळूं न देणें, हेंच या बंदुकीचें सारें शिक्षण. हवा दमट असली कीं रंजक ओलें होतें. गार बोथट झाली कीं ठिणगी पडत नाहीं. आणि पुष्कळदां रंजक उडतें पण आंतील दारू पेटतच नाहीं. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग बंदुकीकडे करून इ. स. १८०७ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. पुढें त्याच तत्त्वावर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, निघाली आणि पावसाची अडचण बरीचशी दूर झाली. ही तिसरी, केपाची बंदूक.

जुन्या बंदुकींची हौस अमेरिकेंत राखीव हंगामांच्या पूर्वींची आहे. १९३१ मध्यें ओहायो संस्थानांतील पोर्टस्मथ येथें ठासणीच्या बंदुकींची नेमबाजी झाली व १९३३ मध्यें या हौशी लोकांची राष्ट्रीय संस्था निघाली; इंडियानांतील फ्रेंडशिप नांवाच्या खेड्यांत तिचें ठाणें आहे. १९६८ च्या शस्त्रविषयक कायद्यानें १८९८ पर्यंत घडविलेल्या बंदुकी, आणि तोड्याच्या, गारेच्या व केपाच्या बंदुकींच्या प्रतिकृति पुरातन ठरवून सामान्य निर्बंधांतून वगळल्या. नंतर १९७४ मध्यें पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें केवळ गारेच्या बंदुकीसाठीं हरणांचा निराळा हंगाम सुरू केला. याच संस्थानाच्या लँकॅस्टर भागांत अठराव्या शतकांत जर्मन कारागिरांनीं लांब नळीची, आंत आटे पाडलेली प्रसिद्ध रायफल घडविली होती. लोक तिला केंटकीची म्हणतात. घडविणारांवर हा नांवाचा अन्यायच आहे.

अशा हंगामास परवानगी देणारांचा हिशेब उघड आहे. एका वेळीं एकच बार, पुनः भरण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ, आणि गोल गोळीचा खात्रीचा पल्ला फार तर शंभर यार्ड. इतक्या मर्यादांत शिकारी पुष्कळ आले तरी जनावरें थोडींच पडणार. जादा दिवस मिळाले ते बंदुकीच्या दुबळेपणाच्या भरंवशावर. परंतु पुष्कळ संस्थानांच्या नियमांत हा दुबळेपणा लिहिला गेला नाहीं. त्यांत लिहिलें गेलें तें एवढेंच कीं, बंदूक तोंडानें भरलेली असावी.

या फटींतून मिसूरींतील टोनी नाइट या बंदूक-कारागिरानें १९८५ मध्यें आपली नवी बंदूक बाहेर आणली. तींत घोडा बाजूस नसून आघात करणारा दांडा नळीच्या मागें, तिच्याच रेषेंत बसविलेला आहे. आग सरळ दारूवर जाते, वळण घेत नाहीं. पुढें केपाच्या जागीं छऱ्यांच्या काडतुसांतील जोरकस पेटवण आली. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू शिंगांतून मोजून घेण्याऐवजीं तिच्या जागीं वापरावयाच्या कृत्रिम दारूच्या तयार वड्या निघाल्या. शिशाच्या गोल गोळीऐवजीं प्लॅस्टिकच्या वेष्टनांतील लांबट गोळी आली, आणि नळीवर दुर्बीण चढली. पल्ला दोनशें यार्डांवर गेला. इ. स. २००० च्या सुमारास धूरविरहित दारू सोसणारी ठासणीची बंदूकही बाजारांत आली. २०२० मध्यें तर अशी बंदूक निघाली कीं, तिची गोळी तोंडानें घालावयाची आणि दारू मात्र बंद नळकांड्यांतून मागल्या बाजूनें! तिला ठासणीची म्हणावें कीं नाहीं, याविषयीं संस्थानांचें एकमत झालें नाहीं, यांत नवल नाहीं.

संस्थानांनीं दिलेलीं उत्तरें परस्परांहून फार भिन्न आहेत. मिसिसिपीनें तर मागून काडतूस घालावयाची, उघड्या घोड्याची एकबारी रायफलही आपल्या "आदिम" हत्यारांच्या हंगामांत घेतली आहे. तेथें तो शब्द नांवापुरताच उरला, असें आम्हांस वाटतें. कोलोरॅडोनें नवी बंदूक मान्य केली, पण दुर्बीण, दारूच्या वड्या व प्लॅस्टिकचें वेष्टन यांस मनाई केली. आयडाहोनें आणखी पुढें जाऊन पेटवणीचें स्थान उघडें असलें पाहिजे, आणि केप वा गारच असली पाहिजे, असें सांगितलें. पेन्सिल्व्हेनियांत ऑक्टोबरांतील एका हंगामांत नव्या बंदुकी चालतात. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासूनचा हंगाम मात्र अद्यापि गारेच्या बंदुकीचाच आहे. या सर्वांत आयडाहोचा नियम आम्हांस विशेष विचारपूर्वक केलेला दिसतो, कारण ज्या मर्यादेवर सवलत उभी आहे ती त्यांत बाबवार सांगितली आहे.

नव्या बंदुकीच्या पक्षाचें म्हणणें टाकाऊ नाहीं. नेम पक्का असेल तर जनावर जखमी होऊन रानांत तडफडत राहण्याची भीति कमी होते. वयोवृद्ध शिकाऱ्यास उघड्या माशीवरून नेम धरतां येत नाहीं. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभीं विरळ झालेलीं हरणें आज अनेक ठिकाणीं इतकीं माजलीं आहेत कीं, तीं अधिक मारलीं जावीं अशीच सरकारची इच्छा असते. त्यांचा ऐतिहासिक मुद्दाही आहे: ठासणीची बंदूक जुन्या काळींही सारखी सुधारत होती. हें खरें आहे. फ्रेंच अधिकारी मिनिए यानें प्रचारांत आणलेली, बार होतांच बुडाशीं फुगून आट्यांत घट्ट बसणारी लांबट गोळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. आणि १८५७ च्या उठावास जिचीं चरबीचीं काडतुसें निमित्त झालीं ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूकही ठासणीचीच होती. गारेच्या बंदुकीशीं तुलना करतां ती किती तरी नवी! पण एवढ्यानें त्यांचा पक्ष सिद्ध होत नाहीं. सुधारणेची परंपरा जुनी असली तरी जादा दिवस त्या परंपरेसाठीं दिलेले नाहींत. हरणें कमी करणें हाच हेतु असेल तर सामान्य हंगाम वाढवावा. त्यासाठीं जुन्या बंदुकीचें नांव पुढें करण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे हीच बंदूक निराळ्या वाटेनें कायद्यांत आली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि कोंकणांतील शेतकऱ्यांच्या घरीं ती आजही आढळते. शिकारीचा षोक १९७२ चा वन्यजीव कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं बंद झाला. तेव्हां हंगामाचा वाद येथें उद्भवत नाहीं. परंतु येथेंही कायद्यानें बंदूक ओळखली ती भरण्याच्या रीतीवरून. आपल्या भाषेनें मात्र तोड्याची, गारेची, केपाची अशीं नांवें पेटवणीवरून दिलीं आहेत. संग्रहांतील जुन्या बंदुकींची नोंद करणारांनीं नुसतें "ठासणीची" असें न लिहितां पेटवणीची जात, नळींत आटे आहेत कीं नाहींत, आणि गारेची बंदूक मागाहून केपाची करून घेतल्याच्या खुणा दिसतात काय, हीं तीन कलमें अवश्य टिपावींत. असा फेरफार एकोणिसाव्या शतकांत सर्रास होत असे. तो ओळखला नाहीं तर बंदुकीचा काळ पन्नास वर्षांनीं चुकण्याचा संभव आहे.