चाळीस ग्रॅम आणि ग्रीन चॅनल

मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या दादरच्या काकू भाजणी, मेतकूट आणि डिंकाच्या लाडवांची यादी महिनाभर आधी करतात. पाटल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र निघायच्या आदल्या रात्री उपटतो. "घालूनच जा, अंगावरचं कोण विचारतंय!" असा शेजारच्या वहिनींचा सल्ला असतो. जाताना कोणी विचारत नाही, हे खरं आहे. विचारतात ते येताना.

सहार विमानतळावर बॅगा घेऊन निघालं की समोर दोन वाटा दिसतात, लाल आणि हिरवी. लाल वाट 'माझ्याकडे ड्यूटी लागण्यासारखं काही आहे' असं सांगणाऱ्यांची. हिरव्या वाटेने निघालात की 'माझ्याकडे तसं काही नाही' असं तुम्ही सांगितल्यासारखंच आहे. "मला कोणी विचारलंच नाही" ही तक्रार तिथे टिकत नाही, आणि ती रोज ऐकू येते.

काकूंची अडचण वेगळीच आहे. सोन्याच्या दागिन्यांची खास सवलत बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम, पण ती परदेशात वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्यांसाठी. मुलीकडे गेलेली आई अमेरिकेत एका वेळी फार तर सहा महिने राहते, म्हणजे तिला ही सवलत लागूच होत नाही. तिचे दागिने इथलेच, तिच्याच लग्नातले, हे सिद्ध करायला तिच्याकडे काय असतं? आईने घातलेल्या पाटल्यांची पावती कोणी जपून ठेवत नाही.

यावर कस्टम्सचा उपाय जुना आणि सोपा आहे, तरी तो फार थोड्यांना माहीत असतो. जाताना कस्टम्सच्या टेबलावर दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. पाटल्या दोन, तोडे दोन, मोहनमाळ एक, असं वर्णन आणि वजन लिहून शिक्का मारून मिळतं. सोबत बिल किंवा मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा दाखला असला की काम लवकर होतं. परत येताना हा कागद दाखवला की विषय संपला. फुकटात मिळणारा हा कागद घ्यायला विमानतळावर तासभर लवकर जावं लागतं, आणि आपल्याकडे तो तास निरोप घेण्यात जातो.

नियमाचा दोष आता नियमाच्या पदरात घालू. 2016 च्या बॅगेज रूल्समध्ये 40 ग्रॅमच्या जोडीला एक लाख रुपयांची मर्यादाही होती. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता, त्यामुळे मर्यादा आधीच तोकडी होती. 2025 मध्ये दहा ग्रॅमला लाख ओलांडले आणि त्याच लाखात धड एक पाटलीही बसेना. नियमातला 40 चा आकडा नुसता शोभेला उरला. अंगावरचे दागिने अडकवल्याची प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयात एकामागून एक येत राहिली आणि न्यायालयाने या जुन्या मर्यादांवर बोट ठेवलं. फेब्रुवारी 2026 पासून नवे बॅगेज रूल्स लागू झाले. त्यात वजन राहिलं, किमतीची अट गेली. दहा वर्षं लागली.

इतका संशय सोन्यावरच का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. दागिने 14 कॅरटच्या वर घडवायचे नाहीत, असा हुकूम निघाला आणि सोनारांच्या पोटावर पाय आला. 1968 साली त्याचा कायदा झाला. लोकांची सोन्याची हौस काही कमी झाली नाही, तिचा रस्ता तेवढा बदलला. दुबईहून दहा तोळ्यांची बिस्किटं कोकणच्या किनाऱ्यावर उतरू लागली. 1990 साली कायदा गेला. 1992 साली परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला माफक ड्यूटी भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली आणि बिस्किटांच्या धंद्यातली हवाच गेली.

किनाऱ्यावरच्या वाटा मात्र तशाच होत्या, आणि त्या वाटांवर डोळेझाक करायला सरावलेली माणसंही. 1993 च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला जे उतरलं ते सोनं-चांदी नव्हतं, शस्त्रं आणि आरडीएक्स होतं. 12 मार्चला दादरमध्ये प्लाझा सिनेमापाशी स्फोट झाला, शिवसेना भवनाशेजारच्या पेट्रोल पंपावर झाला. त्याच दुपारी सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकले गेले. शहरात 257 माणसं गेली. टाडा न्यायालयाने पुढे ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते, अगदी अतिरिक्त कलेक्टर पदापर्यंतचे. त्यांनी हप्ता चांदीचा समजून घेतला की आणखी कशाचा, हा तपशील वकिलांना महत्त्वाचा. प्लाझासमोरून रोज जाणाऱ्याला तो नको असतो. कस्टम्सबद्दल दादरकरांच्या बोलण्यात आजही जो एक कडवटपणा डोकावतो तो पाटल्यांच्या ड्यूटीमुळे आलेला नाही.

आता सोनं मुख्यतः विमानाने येतं, आणि किती येणार ते दिल्लीत ठरतं. जानेवारी 2012 पर्यंत सोन्यावरची ड्यूटी दहा ग्रॅममागे 300 रुपये, म्हणजे नावापुरती होती. ऑगस्ट 2013 पर्यंत ती 10 टक्क्यांवर गेली, जुलै 2022 मध्ये 15 वर, आणि जुलै 2024 मध्ये एकदम 6 वर आली. सोन्याचा किलोचा भाव 60 लाख धरा. ड्यूटी चुकवली की 15 टक्क्यांना किलोमागे 9 लाख सुटतात. त्यात कॅरियरचं, म्हणजे सोनं लपवून आणणाऱ्याचं, तिकीट, हॉटेल, त्याचे पैसे, आणि चार खेपांपैकी एक पकडली गेली तर तिचा तोटा, हे सगळं भागवायचं असतं. 6 टक्क्यांना सुटतात 3 लाख 60 हजार, आणि धंदा लंगडतो. पण सोन्याचाच भाव दुप्पट झाला तर 1 कोटी 20 लाखांवरचे 6 टक्के पुन्हा 7 लाख 20 हजार होतात. ड्यूटी न वाढवताही लालूच वाढते. अर्थसंकल्पाच्या भाषणात हे कोणी सांगत नाही. कस्टम्सच्या एअर इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे 'एआययू'ला, ते बेल्टवर दिसतं.

एआययूचे अधिकारी साध्या वेशात उभे असतात. प्रवाशांची यादी विमान उतरायच्या आधीच हातात आलेली असते. वर्षात कितव्यांदा दुबई, तिकीट कधी काढलं, किती तासांत परत, हे त्यातून कळतं. त्यातून न सुटणारं डोळ्यांनी पाहतात. सोनं हल्ली बिस्किटाच्या रूपात क्वचितच असतं. भुकटी करून मेणात कालवलेली पेस्ट, तिच्या अंड्याएवढ्या कॅप्सूल, ट्रॉली बॅगेच्या कडेत तारेसारखं ओढलेलं सोनं. कॅप्सूल शरीराच्या आत असेल तर चाल बघून शंका येते.

शंका आली म्हणून वाटेल ते करता येत नाही. कस्टम्स कायदा 1962 चा. त्याच्या कलम 102 प्रमाणे झडतीआधी प्रवाशाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करता येते, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. दोन पंच लागतात. पोटातलं काढायचं तर प्रवासी स्वतः कबूल झाला पाहिजे, नाहीतर कलम 103 खाली दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने एक्स-रे. मग पंचनामा होतो. पेस्ट वितळवून शुद्ध सोनं किती निघालं, त्याचं वजन काय, हे त्यात येतं. कलम 123 मात्र प्रवाशाच्या विरोधात जातं. चोरीच्या खटल्यात चोरी सरकारने सिद्ध करायची असते, पण वाजवी शंकेवरून जप्त झालेलं सोनं तस्करीचं नाही हे ते बाळगणाऱ्याने सिद्ध करायचं. हे कलम कॅरियरसाठी लिहिलं आहे आणि काकूंनाही तितकंच लागू आहे.

माझं म्हणणं एवढंच, की काकू आणि कॅरियर यांना वेगळं काढायचं काम अधिकाऱ्याच्या नजरेवर सोपवलं असेल तर त्या नजरेला चूक कबूल करायची सोयही हवी. आज अडकवलेल्या पाटल्यांची पावती हातात पडते आणि पुढे महिनोन्महिने खेटे. वकिलाची फी पाटलीच्या घडणावळीला भारी पडते. कलम 80 प्रमाणे खरं सांगितलेलं, पण आणायला परवानगी नसलेलं किंवा ड्यूटी न भरलेलं सामान ठेवून घेऊन परत जाताना देता येतं. परदेशी पाहुण्याला त्याचा उपयोग आहे, इथेच राहणाऱ्या बाईला काय?

सोन्याखेरीज दुसरंही बरंच येतं, म्हणून एआययूचं लक्ष सध्या दुबईइतकंच बँकॉकच्या विमानांवर असतं. खाऊच्या पाकिटांत हायड्रोपोनिक गांजा येतो आणि बॅगांत जिवंत प्राणी. जून 2025 मध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी साप निघाले. अशा प्राण्यांना ड्यूटी नाही आणि मालखान्यात ठेवायची सोयही नाही. ते ओळखायला वन्यजीवांचे जाणकार बोलवावे लागतात, आणि जिवंत राहिलेल्यांना आणणाऱ्या विमान कंपनीनेच परत न्यायचं असतं.