आधी हलवा, मग बघा

संपादकांना इमॅक्स या टेक्स्ट एडिटरवर लेख हवा होता तो त्याच्या वयासाठी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ग्नू इमॅक्स लिहायला घेतला, १९८५ मध्ये तो लोकांच्या हाती आला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. हा इतिहास कुठेही वाचायला मिळतो, म्हणून तो इथेच सोडतो. मी अडकलो तो त्याच्या सोर्स कोडमधल्या 'एक्सटर्म.सी' या फाइलीत. युनिक्स-लिनक्सवरच्या एक्स विंडो प्रणालीशी बोलायचं काम या फाइलीचं. हजारो ओळींच्या त्या पसाऱ्यात एक छोटं फंक्शन आहे. खिडकी सांगितलेल्या जागी खरंच गेली का, एवढंच ते पाहतं.

यात पाहण्यासारखं काय, असं वाटेल. टेक्स्ट एडिटर सुरू केला की खिडकी काल होती तिथे, तेवढीच उघडावी, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. पण पडद्यावर एडिटरची सत्ता चालत नाही. एक्सची सुरुवात १९८४ मध्ये एमआयटीत झाली, आणि त्याच्या कर्त्यांनी ठरवलं की खिडक्या कुठे आणि कशा दिसाव्यात हे प्रणाली ठरवणार नाही. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचं. एडिटरने जागा मागायची, द्यायची की नाही हे मॅनेजर बघेल. शिवाय मॅनेजर एडिटरच्या खिडकीभोवती स्वतःची चौकट आणि टायटल बार बसवतो, आणि खरी भानगड तिथे सुरू होते. भिंतीवर फोटो लावताना माप चौकटीपासून धरायचं की आतल्या चित्रापासून, हे आधी ठरलं नाही तर खिळा चुकतो. इथे तेच होतं.

समजा, चौकटीची वरची कड पडद्याच्या माथ्यापासून १०० पिक्सेलवर आहे आणि टायटल बार २४ पिक्सेल उंच आहे. एडिटर बंद होताना आपली जागा विचारतो. त्याला आतल्या भागाची जागा मिळते, १२४. तो ती लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो १२४ मागतो, मॅनेजर चौकटीची कड १२४ वर ठेवतो, आणि आतला भाग जातो १४८ वर. रोज २४ पिक्सेल. दहा दिवसांत खिडकी २४० पिक्सेल खाली घसरलेली असते, आणि वापरणाऱ्याला वाटतं आपल्याच हातून सरकली असेल.

यावर लेखी नियम आहेत, पण प्रत्येक विंडो मॅनेजरने ते आपापल्या परीने वाचले. इमॅक्सवाल्यांनी मग वाद घालणंच सोडलं. मॅनेजरचं नाव न विचारता ते खिडकी एकदा हलवून बघतात. ती भलतीकडे पडली, तर हा 'अ' प्रकारचा मॅनेजर. फरक किती पडला तो टिपून ठेवायचा आणि तेवढी दुरुस्ती करून पुन्हा हलवायचं. बरोबर पडली, तर 'ब' प्रकारचा. काही करायचं नाही. जगातल्या सगळ्या विंडो मॅनेजरांची जात लावायला हे दोन रकाने पुरतात. मला हे फार आवडलं. ज्याच्याकडून नीट उत्तर मिळत नाही, त्याला प्रश्न विचारण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्याची वागणूक मोजलेली बरी.

शेजारच्या फंक्शनमध्ये तर हतबलता सरळ लिहूनच ठेवली आहे. खिडकी हलवा म्हटल्यावर ती लगेच हलत नाही. मॅनेजरला सवड होईल तेव्हा हलते आणि मग निरोप येतो. तोवर हे फंक्शन खिडकीची जागा पुन्हा पुन्हा विचारतं, आणि आडवा १० पिक्सेल आणि उभा ४० पिक्सेल फरक चालवून घेतला जातो. उभ्याला जास्त सूट कशासाठी, हे टायटल बारची गोष्ट कळलेल्याला वेगळं सांगायला नको. आणि जागा जुळलीच नाही तर? कॉमेंटमध्ये लिहिलंय: शेवटचा उपाय म्हणून अर्धा सेकंद थांबा, आणि आता खरी जागा कळेल अशी आशा धरा.

आकाराची गोष्ट वेगळी. इमॅक्स आपली लांबी-रुंदी अक्षरांत मोजतो. नेहमीची रुंदी ८० स्तंभ, आणि स्तंभ म्हणजे मूळ फॉन्टमधल्या एका अक्षराची जागा. मराठी मजकुराला हे माप लागू पडत नाही. काना-मात्रा आणि जोडाक्षरं रोमन अक्षराच्या चौकोनात मावतील तशी बसत नाहीत. पिक्सेलच्या हिशेबाने खिडकी ताणू देणारी सोय २४.४ या आवृत्तीत आली, २०१४ मध्ये. पण ती स्वतः चालू करावी लागते.

बाकी प्लॅटफॉर्मांचे नखरे वेगळे. मॅकवर उभं माप पडद्याच्या तळापासून वर मोजतात, म्हणून मॅकसाठीच्या फाइलीत उभे आकडे उलटवावे लागतात. विंडोजवर मिनिमाइझ केलेली खिडकी उणे ३२००० या जागी ठेवली जाते. त्या क्षणी एखाद्या एडिटरने भाबडेपणाने जागा टिपली, तर पुढच्या वेळी खिडकी उघडते पण दिसत नाही. डावीकडे दुसरा मॉनिटर जोडला की तिथली मापं उणे होतात. इमॅक्समध्ये साधं उणे दहा म्हणजे उजव्या कडेपासून दहा. डावीकडच्या मॉनिटरवरचं उणे दहा हवं असेल तर त्याच्याआधी अधिक लिहावं लागतं, अधिक उणे दहा. २४.४ पासून इमॅक्स आपल्या खिडक्या, त्याच्या भाषेत फ्रेमा, जतन करून पुन्हा मांडू शकतो, आणि ऑफिसातला मॉनिटर घरी नसेल तर हरवलेली फ्रेम ओढून पडद्यावर आणतो.

इथवर सगळं निभावलं होतं. आता लिनक्सवर एक्सची जागा वेलँड घेतोय, आणि त्याने प्रश्नच काढून टाकला. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये प्रोग्रामला आपण पडद्यावर कुठे आहोत हे कळतच नाही, मग जागा मागायची कुठून? इमॅक्स २९ मध्ये, २०२३ साली, वेलँडवर थेट चालणारी आवृत्ती आली. तिथे फ्रेमचा डावा आणि वरचा आकडा हवा तो लिहा, खिडकी पडद्यावर वाटेल तिथे उघडते. अ नाही, ब नाही. मोजायलाच काही उरलं नाही.

वेलँडवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत काय टाइप होतंय हे ऐकू शकतो, कुठेही जाऊन बसू शकतो. ही दारं बंद करायलाच हवी होती. पण सकाळी दोन मॉनिटरवर पाच फ्रेमा मांडणाऱ्या माणसाची मांडणी त्याच दाराबाहेर राहिली. कित्येक जण अजून एक्सचीच आवृत्ती वेलँडवर मधला थर घालून चालवतात, ती उगाच नाही.

वेलँडवाल्यांनी सुचवलेला उपाय असा: जागा लक्षात ठेवायचं काम पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामनेच करावं. एडिटरने फक्त आपल्या खिडकीची ओळख सांगावी, आकडे विचारू नयेत. मला हे पटतं; पडदा ज्याच्या ताब्यात, हिशेबही त्यानेच ठेवावा. पण मग प्रत्येक खिडकीला टिकाऊ ओळख लागते, आणि इमॅक्समध्ये एकाच प्रोग्रामच्या सात-आठ फ्रेमा उघड्या असतात. त्यातल्या दोन बंद झाल्या, एक नवी उघडली, तर कालची कुठली? जतन केलेल्या फ्रेमांना ओळख देण्याची सोय २४.४ मध्येच केलेली आहे, कारण परत मांडताना हाच घोळ होऊ शकतो. ती ओळख दुसऱ्याच्या हवाली करून गप्प बसणं मात्र इमॅक्सला नवीन आहे. मागितलेल्या जागी आपण पडलो की नाही, हे तपासायची सोय या उपायात नसेल.